फुलं छानच आहेत

"किती गोड फुलं! थांब, फोटो काढते."

पुलावर माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी मैत्रिणीला म्हणाली. मीही त्याच जलपर्णीचा फोटो काढत होते, तक्रारीसोबत जोडायला. तिचा फोटो स्टेटसला जाणार होता. तिला सांगावं वाटलं, पण गप्प बसले.

कारण फुलं देखणी आहेतच. फिकट जांभळी, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. या रूपावर भाळूनच माणसांनी ती दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली. सांडपाणी मिळालं की जलपर्णी आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. खालच्या पाण्याला ऊन नाही, प्राणवायू घटतो. उपसून काठावरच टाकली तर पूर आला की परत नदीत. बिया तर गाळात वर्षानुवर्षं दबा धरून बसतात.

तक्रारीत रकाना होता: 'किती भाग व्यापला आहे?' तिथे अडले. दीड महिन्यापूर्वी हीच जलपर्णी चादरीएवढी होती. मी पाहिली होती. 'बघू नंतर' म्हणून पुढे गेले होते. (घाई कसली होती, आता आठवतही नाही.)

आज लिहिलं: या काठापासून त्या काठापर्यंत.

चादरीएवढी असताना तक्रार केलेलं कुणी आहे का इथे?