आमची वाटचाल: माल कमी, फिटिंग जास्त

गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान टाकण्याआधी मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका कार शोरूममध्ये ॲक्सेसरीज फिटर होतो. दसऱ्याला आणि पाडव्याला डिलिव्हरीच्या गाड्यांची अशी रांग लागायची की सकाळी गाडीखाली गेलेला माणूस दुपारच्या चहालाच उभा राहायचा. मुहूर्त टळायच्या आत मड फ्लॅप (चाकामागचा चिखल अडवणारा पडदा), डोअर व्हायझर (खिडकीवरची पावसाची पट्टी), साइड मोल्डिंग (दारावरची पट्टी), फूटस्टेप सगळं बसलं पाहिजे. हात तिथेच बसला. आणि एक गोष्ट डोक्यात राहिली: गिऱ्हाईक ॲक्सेसरीजच्या यादीवर सही करतं, पण त्यातलं काय नुसतं चिकटतं आणि काय पत्र्याला भोक पाडून बसतं, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला दिसतो तो फक्त खालचा एकूण आकडा.

2010 मध्ये पतपेढीचं कर्ज काढून कापूरबावडीजवळ गाळा घेतला. माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून यायचा आणि पहिली दोन वर्षं दुकान काचेच्या काळ्या फिल्मवरच चाललं. मग 27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. काचेतून प्रकाश किती पार व्हायला हवा, पुढच्या-मागच्या काचेतून निदान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के, हा नियम आधीपासून होताच. पण तो काच कारखान्यातून येते त्या वेळचा, नंतर वरून कसलीच फिल्म लावायची नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. 4 मे पासून बंदी लागू झाली. रोल पडून राहिले. मात्र फिल्म काढून घ्यायला गाड्यांची जी रीघ लागली, त्यात हीट गन आणि हातांवरच आमचा महिना निघाला. माल विकण्यापेक्षा काम विकावं, हा विचार तेव्हाच रुजला.

पुढे तसंच होत गेलं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर, म्हणजे बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर, कारवाई करायला राज्यांना कळवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही. खरं तर कायदा बाजूला ठेवला तरी ते लोखंड पुढे नकोच होतं. टक्कर झाली की पादचाऱ्याला जास्त लागतं, आणि बंपरने झेलायचा धक्का सरळ चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, गेला की एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचा हिशोब चुकतो. 1 जुलै 2019 पासून मागचे पार्किंग सेन्सर नव्या गाड्यांना कंपनीतूनच येऊ लागले. बंपरला गोल ड्रिलने चार भोकं पाडून सेन्सर बसवणं ही आमची खासियत होती, तीही गेली. भिंतीवरचा माल कमी होत गेला तसा गाळ्यात गाडी उभी करायला जागा होत गेली, असं आमच्या सौ. म्हणतात. हिशोब त्याच बघतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

त्यात ऑनलाइनचे खोके घेऊन गिऱ्हाइकं येऊ लागली. बाजारात बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बाहेरच्या मालाला आम्ही हात लावत नाही.’ आम्ही फिटिंगचे दर लिहून पाटी लावली. माल कुठूनही आणा, मजुरी एकच. आजूबाजूचे हसले. आज आमच्याकडची बरीचशी कामं अशा खोक्यांचीच असतात.

आता रोजचा प्रश्न. नवी गाडी बुक केलेला माणूस येतो, हातात शोरूमची यादी. ‘दादा, हे सगळं तिथूनच बसवून घेऊ, की ऑनलाइन मागवून घरी लावू?’ आम्ही उलटा प्रश्न टाकतो: उद्या ही वस्तू काढली तर गाडीवर काय उरेल? काहीच उरत नसेल तर घरी लावा. भोक उरत असेल किंवा कापलेली वायर उरत असेल, तर थांबा.

डोअर व्हायझर घ्या. चिकटवायचा प्रकार असेल तर तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणालाही जमतो, पण घाई करायची नाही. दाराच्या चौकटीवर शोरूमने मारलेलं पॉलिश असतं, त्यावर टेप धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, वाळू द्या. आधी टेपवरचा कागद न काढता मास्किंग टेपने व्हायझर जागेवर धरून बघा, दार उघडून-लावून बघा. मग दोन्ही टोकांचा कागद बोटभर सोडवून बाहेर वाकवा, व्हायझर बसवा, आणि मग उरलेला कागद हळूहळू ओढत दाबत जा. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपची पकड चोवीस तासांत बरीचशी येते, पूर्ण यायला तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुवायची नाही. खाचेत अडकवायचा प्रकार असेल तर एक पाहा: काच वर जाताना अडखळली की आपोआप खाली येणाऱ्या खिडक्या असतात, त्यांना जाड व्हायझर म्हणजे मध्ये आलेला हातच वाटतो.

मड फ्लॅपही घरचंच काम. बऱ्याच गाड्यांना भोकं कंपनीने दिलेली असतात. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की स्क्रू ड्रायव्हर आत जातो, चाक काढावं लागत नाही. पण सोबत सेल्फ टॅपिंग स्क्रू आले आणि कंपनीचं भोक जुळत नसेल, तर पत्र्यात नवं भोक पाडू नका. ठाण्याच्या पावसात उघड्या कडेला गंज धरायला एक पावसाळा पुरतो. आम्हाला कधी भोक पाडावंच लागलं तर कडेला झिंक प्रायमर, त्यावर टच-अप, आणि वाळल्यावरच स्क्रू. याला वेळ लागतो म्हणून मुहूर्ताच्या गर्दीत हे होत नाही. शोरूमच्या फिटरला मी दोष देत नाही, त्याच्यामागे पुढची गाडी उभी असते.

क्रोमच्या हँडल कव्हरसाठी शोरूमच्या निम्म्याहून कमी पैशात माल मिळतो, पण स्मार्ट चावीच्या गाडीत हँडलवरच्या बटणाला किंवा सेन्सरला जागा सोडलेलं कव्हर आहे ना, ते बघा. नाहीतर शोभा राहते आणि दार उघडत नाही.

फॉग लॅम्प मात्र घरी नाही. दोन 55 वॅटचे दिवे 12 व्होल्टवर नऊ ॲम्पिअरच्या वर खेचतात. मूळ स्विचच्या वायरला टाचणी मारून, वर काळी टेप गुंडाळून हे चालवलं तर वायर तापते. रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच), फ्यूज आणि गाडीच्या मूळ कपलरला (वायर जोडायच्या खाचेला) जुळणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, हवं. तुमच्या मॉडेलला कंपनीचं हार्नेस मिळत असेल तर हे काम आम्हीसुद्धा शोरूमकडेच पाठवतो. वायर कापलेली दिसली की पुढे वॉरंटीच्या वेळी वाद ठरलेला. तीच गोष्ट रडारवाल्या नव्या गाड्यांची. पुढच्या लोगोमागे किंवा बंपरमध्ये समोरची गाडी ओळखणारं रडार असतं, त्याच्या आड काही यायला नको म्हणून तिथे आम्ही ना जाळी लावत ना गार्निश (शोभेची पट्टी), गिऱ्हाईक कितीही म्हणो.

शोरूमचा खरा फायदा मला कागदात दिसतो. ॲक्सेसरीज बिलात पार्ट नंबरसकट आल्या तर विम्यात दाखवायला सोपं जातं. नंतर बाहेरून बसवलेला महागडा माल पॉलिसीत वेगळा नोंदवला नसेल, तर दाव्याच्या वेळी त्याचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून सांगतो, पॅकेज घेऊ नका, प्रत्येक वस्तूची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून मागा. कुरकुर होईल, पण मिळते.

हे सगळं फुकट सांगतो म्हणून धंदा बुडेल, असं भाऊ म्हणायचा. झालं असं की घरी व्हायझर लावलेले लोकच पुढे फूटस्टेप आणि दिव्यांसाठी आले. कोलशेतचे एक निवृत्त काका तर स्वतःचा टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना) घेऊन येतात, फूटस्टेपचे बोल्ट स्वतः आवळतात आणि मजुरीत सूट मागतात. देतो.

सध्या आम्ही चौघं आहोत, शेजारचा गाळाही घेतला आहे. पावसाळ्यात टेपचं काम फक्त आतल्या गाळ्यात होतं, गाडी आदल्या रात्री ठेवून जावी लागते, कारण ओल्या दारावर टेप लावायला आम्ही तयार नाही. सोमवारी बंद. शोरूमने दिलेली यादी सही करण्याआधी दाखवायला आणा, कोणती वस्तू तिथून घ्यायची, कोणती घरी लावायची आणि कोणती अजिबात नको, त्यावर खुणा करून देतो. त्याचे पैसे नाहीत.