इस्त्री अजून कोण करतं?

आज ऑफिसात सहज विषय निघाला आणि कळलं, बऱ्याच जणांनी इस्त्री करणं सोडूनच दिलंय. कपडे झटकून वाळत घालायचे, घडी करायची, संपलं. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाला तेवढं पुरतंही. ते मला पटतं. वेळ आणि वीज दोन्ही वाचतात.

पण सुती शर्टाचं काय? सूत ज्या पदार्थाचं बनतं त्या सेल्युलोजच्या लांब रेणूंच्या साखळ्या हायड्रोजन बंध नावाच्या कमकुवत जोडांनी एकमेकींना धरून असतात. पाणी लागलं की ते बंध सुटतात आणि कापड चुरगळलेलं असेल तर वाळताना तसेच पुन्हा जुळतात. म्हणूनच सुरकुती पक्की बसते. इस्त्री करताना ओलावा आणि उष्णता तेच बंध पुन्हा सोडवतात, दाबाने कापड सपाट होतं आणि तसंच थंड होतं. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रातले ठिपकेही बघत जा: एक म्हणजे साधारण ११० अंश सेल्सियसपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००.

संध्याकाळी घरी येऊन मी उद्याचा शर्ट काढलाच. आधी कॉलर, तीही टोकाकडून मधे, नाहीतर टोकाशी चुणी पडते. मग कफ, बाह्या, शेवटी पाठ आणि पुढचा भाग. बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक फिरवताना डोक्यातलं सगळं थांबतं. मला हे काम मनापासून आवडतं, आणि मी ते सोडणार नाही.

तुमच्याकडे काय? रोज करता, की फक्त समारंभापुरती?