'मिस्टर इंडिया'चा लाल रंग आणि मामांची कॅसेट

मागची नोंद संपली तेव्हा माझा डेक, म्हणजे व्हीसीआर, टेबलावर उघडा पडला होता आणि कॅसेट आत ओढणाऱ्या लोडिंग बेल्टच्या जागी काळं डांबर होतं. आता डेक चालतोय, 'मिस्टर इंडिया'ची कॅसेट सुरुवातीपासून शेवटापर्यंत कॉम्प्युटरवर उतरलीय, आणि ज्या शंकेपायी हा सगळा पसारा मांडला (लाल उजेडातल्या नायकाभोवतीची लाल वाफ पिक्चरमधली की टेपची?) तिचं उत्तरही बऱ्यापैकी मिळालंय. ज्यांना यंत्राची कटकट नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल सोडावेत.

खान्देशात व्हीसीआर जपायचा म्हणजे रबराशी भांडण. कोकणातले, मुंबईतले संग्राहक कायम बुरशीचं रडगाणं गातात: टेपच्या कडेला पांढरी पावडर, पावसाळ्यात वास, वगैरे. आपली हवा कोरडी, बुरशी क्वचितच दिसते. पण अमळनेरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डेकचा बेल्ट वितळून पुलीला गच्च चिकटतो आणि टेप ओढणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, दगड होतं. डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघालं. नवा बेल्ट धुळ्याच्या एका जुन्या रेडिओवाल्याकडे मिळाला. त्यांनी पुलीभोवतीचा घेर दोऱ्यानं मोजून अंदाजानं काढून दिला. एक सांगून ठेवतो, नेमकं माप नाही मिळालं तर जरासा लहान घ्या. मोठा घेतला तर तो घसरतो आणि कॅसेट अर्ध्यात अडकते.

हेड, म्हणजे फिरत्या ड्रमवरचा टेप वाचणारा भाग, पुसायला कानकाडी वापरू नका, तिचे तंतू हेडच्या फटीत अडकतात. शॅमॉय (मऊ चामडं), नाहीतर साधा कोरा कागद अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवा आणि ड्रम हातानं फिरवा. कागद वर-खाली घासला की हेड तुटलंच समजा. पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) व्हीएचएस कॅसेटच्या डेकचा ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो आणि जेमतेम अर्धा इंच रुंदीच्या टेपवर तिरप्या रेघांत चित्र वाचतो. तिथं केसाएवढी घाणही भोवते.

आता कॅसेट. ही माझ्या मामांची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामा पारोळ्याच्या आजूबाजूच्या गावांत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायचे. बारसं असो, जाऊळ असो, गणपती असो, गावानं वर्गणी काढली की 'व्हिडिओ' यायचा आणि चौकात रात्रभर तीन-तीन पिक्चर चालायचे. धंदा केव्हाच बंद झाला, पण कॅसेटी मामांच्या धाब्याच्या घरात एका लोखंडी पेटीत राहिल्या. मातीचं धाबं, जाड भिंती, आत उन्हाळ्यातही गारवा. टेपचं नशीब तिथंच बदललं. याच पिक्चरची माझ्याकडे दुसरी एक कॅसेट आहे, शहरातल्या स्लॅबच्या माळ्यावरून आलेली. तिच्या टेपच्या कडा लाटांसारख्या झाल्यात आणि आवाज सारखा बुडतो. मामांची मात्र सपाट. फक्त खोक्याला तडा होता, म्हणून टेप दुसऱ्या खोक्यात बसवली. पाच स्क्रू, काम सोपं; टेपच्या वाटेतले रोलर आणि पिना जिथल्या तिथं आहेत ना, तेवढं झाकण लावायच्या आधी बघायचं.

या पिक्चरच्या मागं मी का लागलो? शेखर कपूर यांचा हा पिक्चर मे १९८७ मध्ये आला. त्यातल्या अरुण वर्माकडे ना उडायची ताकद, ना लोखंडी छाती. मनगटावर एक यंत्र, ते चालू केलं की माणूस दिसेनासा होतो. आणि मेख एकच: लाल उजेड पडला की दिसतो. झगा नाही, मुखवटा नाही, म्हणून याला सुपरहीरो म्हणायचं की नाही यावर मी पूर्वी पुष्कळ वाद घातलाय. आता नाही घालत. एकच शक्ती आणि एकच कमजोरी, पटकथा म्हणून हे इतकं चोख आहे की बाकी डामडौलाची गरजच पडत नाही. सलीम-जावेद उगाच सलीम-जावेद नव्हते.

गंमत अशी, की या नायकाची कमजोरी तीच व्हीएचएसची कमजोरी.

व्हीएचएस चित्राचे दोन भाग करून साठवतं. एक उजेड-अंधाराचा, दुसरा रंगाचा. उजेडाच्या भागाला साधारण तीन मेगाहर्ट्झची जागा मिळते, म्हणजे आडव्या दिशेनं २४० च्या आसपास रेघा दिसतात. रंगाला मात्र तळाशी कोंबलेलं असतं, पाल पद्धतीत ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच्या वाट्याला आडव्या दिशेनं फक्त चाळीसेक रेघा येतात. रोजच्या दृश्यात हे खपून जातं, कारण बारकावा आपण उजेडातूनच वाचतो. आता लाल दृश्य घ्या. टीव्हीच्या हिशेबात उजेडाच्या सिग्नलमध्ये हिरव्याचा वाटा ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा अवघा ११. म्हणजे चौकट लाल उजेडानं भरली की बारकावा सांगणारा सिग्नल तिसऱ्या हिश्शावर येतो आणि उरलेलं काम त्या चाळीस रेघांच्या रंगावर पडतं. कच्च्या रंगाचं लुगडं पहिल्याच धुण्यात उतरावं तसा लाल कडेबाहेर पसरतो.

थोडक्यात, कथेत ज्या क्षणी नायक दिसायला हवा, त्याच क्षणी टेपवर तो सगळ्यात वाईट दिसतो.

मामांची कॅसेट बघताना हे लख्ख दिसतं. ही कॉपीची कॉपी आहे, कदाचित त्याचीही कॉपी. व्हीएचएसवरून व्हीएचएसवर उतरवताना दर खेपेला रंग जरा उजवीकडे आणि काही रेघा खाली सरकतो. म्हणून लाल उजेडातल्या माणसाचा काळसर आकार एकीकडे आणि त्याचा लालपणा खांद्याखाली लोंबलेला. मामा शेजारी बसून बघत होते. मी म्हटलं, मामा, हे बघा रंग कसा गळतोय. ते हसले. "तवय आसंच दिखे रे भाचा." वर त्यांनी सांगितलं, की गावोगावी लोकांचा आग्रह असायचा, 'कलर फुल ठेवा'. ब्लॅक अँड व्हाइटला कंटाळलेली माणसं, रंगाचे पैसे मोजलेत तर रंग दिसलाच पाहिजे. मामा रंगाची खुंटी शेवटापर्यंत पिळायचे. म्हणजे टेपनं पसरवलेला लाल टीव्हीनं आणखी फुगवलेला. लहानपणी मला वाटायचं, नायक दिसू लागला की त्याच्याभोवती लाल वाफ निघते, यंत्राचाच तो परिणाम असणार. कॅमेरामन बाबा आझमी यांनी असं काही टिपलेलं नाही. ती वाफ मामांच्या खुंटीची आणि दोन-तीन कॉप्यांची.

निळ्याचीही तीच गत. पावसातल्या गाण्यात श्रीदेवीची निळी साडी कुणी विसरलेलं नाही. उजेडात निळ्याचा वाटा ११ टक्के, त्यामुळे व्हीएचएसवर त्या साडीच्या चुण्या जवळजवळ पुसल्या जातात. हलणारा एक निळा डाग राहतो आणि त्यावर चेहरा. तरीही गाणं गावात परत-परत लावायला सांगायचे, असं मामा म्हणतात. कारण विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

याच अंगानं मालेगावचा एक मुद्दा सांगतो. धुळ्याहून मालेगाव काही लांब नाही, आणि व्हिडिओ पार्लर चालवता-चालवता पिक्चर काढायला लागलेले नासिर शेख आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात त्यांचा सुपरमॅन उडवण्यासाठी हिरव्या पडद्याची खटपट दिसते (पडद्याचा रंग काढून तिथं दुसरं चित्र बसवतात). हिरवाच का, लाल किंवा निळा का नाही? कारणं बरीच आहेत, अंगाच्या रंगात हिरवा नसतो हे त्यातलं मोठं. पण वरचा ५९ टक्क्यांचा हिशेबही त्यात आहे. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यातही हिरव्याची कड सगळ्यात स्वच्छ निघते. लाल पडद्यासमोर सुपरमॅन उडवला असता तर झग्याबरोबर तोही गेला असता.

असो. कॅप्चरकडे येतो.

डेकमधून एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी तार), मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता पास-थ्रू म्हणून (डगमगणाऱ्या रेघा तो बऱ्याच सरळ करतो), तिथून कॉम्प्युटरचं कॅप्चर कार्ड. ७२० बाय ५७६, लॉसलेस, म्हणजे काही न गाळता. डीइंटरलेसच्या, म्हणजे एका फ्रेमचे एकाआड एक रेघांचे दोन भाग (फील्ड) सॉफ्टवेअरनं मिसळण्याच्या, नादाला लागलो नाही. पिक्चर मुळात फिल्मवरचा. पालमध्ये येताना सेकंदाच्या २४ फ्रेम २५ च्या वेगानं पळवतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेमचे दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे असतात. जुळवून घेतले की पूर्ण फ्रेम परत मिळते. डीइंटरलेसर लावला तर उलट अर्धा बारकावा जातो, आणि इथं आधीच उधारी आहे.

२५ च्या वेगाचा आणखी एक परिणाम आहे. १७९ मिनिटांचा पिक्चर पालवर १७२ मिनिटांत संपतो, म्हणून ई-१८० (१८० मिनिटांच्या) कॅसेटमध्ये तो आरामात बसतो आणि शेवटी दुकानाच्या जाहिरातीलाही जागा उरते. मोबदल्यात आवाज चार टक्क्यांनी चढतो, जवळजवळ पाऊण अर्धस्वर. कविता कृष्णमूर्ती यांचं गाणं मी ऑडिओ कॅसेटशेजारी लावून ऐकलं, फरक कानाला कळतो. हा डेकच्या नव्या बेल्टचा प्रताप नव्हे. व्हीएचएसमध्ये वेग टेपवरचा कंट्रोल ट्रॅक सांभाळतो. आम्ही कित्येक वर्षं पट्टी चढवलेलं गाणं वाजवून नाचलो, एवढाच अर्थ.

रंग जागेवर आणायचा प्रयोग सोपा निघाला. रंगाची पट्टी वेगळी करून थोडी डावीकडे आणि काही रेघा वर सरकवली. किती, ते प्रत्येक कॅसेटचं वेगळं असतं. पांढऱ्या भिंतीपुढे लाल वस्तू असलेली फ्रेम शोधायची आणि कड कडेवर बसेपर्यंत सरकवायची. लाल उजेडातल्या दृश्यांत नायकाच्या खांद्याची रेघ परत आली. नाक मात्र नाही आलं. ते टेपवर कधी उतरलंच नव्हतं.

इथं ज्यांचा हात शिवशिवतो त्यांना विनंती: हल्ली जे आपोआप चित्र 'सुधारून' देतात त्या सॉफ्टवेअरमधून हे घालू नका. मी एक तुकडा घालून पाहिला. अनाथ पोरांच्या घोळक्यातली सगळी पोरं एकाच साच्यातल्या मेणाच्या बाहुल्या झाली. नसलेलं नाक ते कुठूनतरी आणून लावतं, पण ते अनिल कपूरचं नसतं.

व्हीसीडीशीही (व्हिडिओ सीडी) ताडून पाहिलं. तीन डिस्क, कारण एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटांहून जास्त मावत नाही. चित्र ३५२ बाय २८८, रंग त्याच्याही निम्मा, १७६ बाय १४४. लाल गळत नाही, त्याचे चौकोन पडतात. मला विचाराल तर टेपचा गळका लाल बरा. तो निदान हलत्या चित्राबरोबर हलतो. व्हीसीडीचे चौकोन जागच्या जागी ठाण मांडून बसतात आणि माणूस त्यांच्यातून सरकत जातो. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांवर आणली तेव्हा मीही पिशवी भरून घेतल्या होत्या, पण आठवणीपुरत्याच.

डीव्हीडीचा लाल नीट बसतो, कडा दिसतात, चुण्या दिसतात. तक्रार करायला जागा नाही. पण हनुमानाची मूर्ती हवेत तरंगत गुंडांना बडवते ते दृश्य डीव्हीडीवर बघताना माझं लक्ष मारामारीवर राहिलंच नाही, मी दोरा शोधत होतो. ट्रिक फोटोग्राफी पीटर परेरा यांची. कॉम्प्युटर नसताना, हातानं आणि कॅमेऱ्यातच केलेली. थिएटरच्या फिल्मवर त्यांना दोरा लपवावा लागला असणार. व्हीएचएसच्या २४० रेघांत बारीक दोरा मावतच नाही, तो आपोआप अदृश्य. मामांच्या चौकात ते दृश्य लागलं की लोक मूर्तीला हात जोडायचे. लाल रंगाच्या बाबतीत टेपनं पिक्चरचं नुकसान केलं, इथं मात्र फुकटची मदत केली. म्हणून मी दोन फायली ठेवतोय: एक जशीच्या तशी, गळक्या लालसकट, दुसरी रंग सरकवलेली. बघायचा पिक्चर अजून डीव्हीडीवरच बघा, पण मूर्तीच्या दृश्याला टेप लावा.

पुढचं काम पहिल्या पिढीच्या कॅसेटचा शोध. शिरपूर, शहादा, नंदुरबार, चाळीसगाव, भुसावळकडच्या कुणाकडे कंपनीच्या छापील खोक्यातली 'मिस्टर इंडिया' असेल तर कळवा. खालून दुकानाची जाहिरात सरकत नसेल तर विशेष. सापडली तर लगेच प्ले करू नका. उन्हातून आणली असेल तर रात्रभर घरात पडू द्या, झाकण उचलून टेपची कड बघा, आणि आधी चांगल्या डेकमध्ये एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. आणि ते ऐन मे महिन्यात नको, पावसाची पहिली सर पडून खोली जरा निवली की करा.