आमची वाटचाल : वांझ नरापासून खात्रीच्या जोडीपर्यंत

सलग सहा वेळा आमच्या फ्लॉवरहॉर्न या शोभेच्या माशाच्या मादीने अंडी दिली आणि सहाही वेळा दोन दिवसांत ती पांढरी पडली. तेव्हा आमचा व्यवसाय म्हणजे मागच्या खोलीतल्या चार फुटी दोन टाक्या, एक एअर पंप, मी आणि माझा धाकटा भाऊ. दोष पाण्यातच असणार असं धरून आम्ही रोज पीएच तपासला, हीटर बदलला, मेथिलीन ब्लू या बुरशीवरच्या औषधाचा डोस वाढवून पाहिला. वर्ष असंच गेलं. पाणी चांगलंच होतं. नर वांझ होता.

तो नर आम्ही कोक, म्हणजे कपाळावरचा उंचवटा, पाहून घेतला होता. कोक मोठा, अंगावर लाल रंग भरलेला, बोट दाखवलं की काचेवर धावून येणारा. विकणाऱ्याने ‘जोडी’ म्हणून दिला आणि आम्ही विश्वास ठेवला. कोकचा आणि बीज असण्याचा काही संबंध नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. फ्लॉवरहॉर्न मूळचा कुठल्याच नदीतला नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांचा संकर करून 1990 च्या दशकात मलेशियात तो तयार झाला. त्यात ट्रायमॅक या सिक्लिडचा वाटा मोठा मानतात. अशा संकरात दिसायला देखणे नर पुष्कळदा वांझ निघतात, काम्फा या फ्लॉवरहॉर्नच्या वंशात तर फारच. मादीला मात्र सहसा अडचण नसते, आणि नर नसला तरी ती अंडी घालतेच. त्यामुळे अंडी दिसली म्हणजे जोडी जमली, असा नवख्याचा समज होतो. आमचाही झाला होता.

सातव्या वेळी त्याच मादीजवळ दुसरा नर ठेवला. झेन झू वंशाचा, कोक बेताचा, रंगही फिकट. या वेळी बहुतेक अंडी मधाच्या रंगाची राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांत काळे ठिपके दिसू लागले, तिसऱ्या दिवशी शेपट्या वळवळल्या. भावाने मला पहाटे उठवून टॉर्चच्या उजेडात ते दाखवलं. आमच्या व्यवसायाची सुरुवात मी त्या पहाटेपासून धरतो.

नंतरही चुका झाल्याच. सर्वांत जिव्हारी लागलेली चूक म्हणजे आम्ही नर-मादीच्या मधली जाळी घाईने काढली. मादी अजून तयार नव्हती आणि नराने रात्रीतून तिला मारून टाकलं. चार फुटी टाकीत तिला पळायला जागा नव्हती. तेव्हापासून आम्ही जाळी काढतच नाही. मोठ्या चौकटीची प्लास्टिकची जाळी मध्ये घालतो आणि मादीच्या बाजूला जाळीला अगदी लागून फरशीचा तुकडा ठेवतो. स्पंज फिल्टरची जागा अशी निवडतो, की पाण्याचा प्रवाह नराकडून मादीकडे वाहील. मादी फरशीवर अंडी घालते, नर जाळीपलीकडून बीज सोडतो आणि पाणी ते पोचवतं. काही अंडी फळत नाहीत, पण मादी जगते. मादीची अंडी घालायची नळी बोथट आणि रुंद दिसू लागली आणि ती फरशी तोंडाने घासू लागली, की तिची वेळ आली असं समजावं. नराची बीज सोडायची नळी बारीक, टोकदार असते.

अंडी फुटल्यावर चार-पाच दिवस पिल्लं पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. पोहायला लागली की त्यांना ताजी फुटलेली ब्राइन श्रिंप, म्हणजे खाऱ्या पाण्यातले अगदी बारीक जीव, लागते. लिटरमागे साधारण 25 ग्रॅम मीठ, 28 अंश तापमान आणि खालून जोरात हवा दिली, की श्रिंपची अंडी 24 तासांत फुटतात. पिल्लांची पहिली तुकडी आम्ही जास्त खायला घालून गमावली. उरलेलं अन्न कुजलं, अमोनिया वाढला आणि दोन दिवसांत टाकी रिकामी झाली. आता दिवसातून चार वेळा थोडं थोडं देतो आणि रोज पाव टाकी पाणी बदलतो. बदलायचं पाणी त्याच तापमानाचं असलं पाहिजे, यात आम्ही तडजोड करत नाही.

व्यवसाय म्हणून सर्वांत कठीण काम विकण्याचं निघालं. एका विणीत कित्येक शे पिल्लं होतात आणि त्यांतल्या मोजक्यांनाच चांगला कोक येतो. सुरुवातीला ‘याला कोक येईल’ असं सांगून आम्ही इंचभराची पिल्लं दिली. काही महिन्यांनी लोक परत आले. ते भांडले नाहीत, नुसता मासा दाखवला, आणि तेच आम्हाला जास्त लागलं. आता दोन इंचांखालचं पिल्लू देत नाही, आई-बाप समोर दाखवतो आणि कोकची हमी देत नाही. वाकड्या कण्याचं पिल्लू विकायला ठेवत नाही. जोडी द्यायची तर त्याच जोडीची पिल्लं आमच्या टाकीत पोहलेली असली पाहिजेत. त्यामुळे वर्षाकाठी फार थोड्या जोड्या देता येतात. धंदा हळू वाढला, आणि ते आम्ही समजून-उमजून पत्करलं.

नवख्याला आम्ही आधी एकच मासा घ्यायला सांगतो. हा मासा फूटभर वाढतो, आठ-दहा वर्षं जगू शकतो आणि टाकीत दुसरा सोबती सहसा सहन करत नाही. पिल्लं झाली तर इतकी ठेवणार कुठे, हे ठरल्याशिवाय आम्ही जोडी देत नाही. वाढलेला मासा नकोसा झाला तर तो नदीत किंवा तळ्यात कधीच सोडू नये. तो तिथल्या माशांना खातो, त्यांच्या जागा बळकावतो. आमच्याकडून गेलेला मासा आम्ही केव्हाही परत घेतो. मागच्या भिंतीलगतच्या तीन टाक्या त्यासाठीच राखून ठेवल्या आहेत, आणि सध्या तिन्ही भरलेल्या आहेत.