थायरॉइडची गोळी घेऊन सासवड ते फलटण

जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग मानेला रेडिएशन झालं, सगळं उरकून वर्ष उलटलं तरी मी आपली दमलेलीच. (तंबाखू-मिश्री कधी नाही, आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो.) दमणं म्हणजे कसं, तर रात्रभर झोपून उठलं तरी अंग उचलत नाही, मेथी निवडायला बसले की तिथेच डोळा लागायचा. सगळे म्हणायचे एवढी मोठी ट्रीटमेंट झालीय, अशक्तपणा राहणारच गं, आणि मग डिंकाचे लाडू, खजूर, अजून लाडू. रेडिएशनने तोंडात थुंकीच उरली नाही तर लाडू गिळायचा कसा, पण प्रेमाने आणलेलं, बोलणार काय! त्यात वजन वाढत चाललं, एप्रिलच्या उन्हाळ्यात मला स्वेटर लागायचा, पोट साफ होत नव्हतं, उगाच रडू यायचं. तेही सगळं कॅन्सरच्याच खात्यावर जमा.

फॉलोअपला एक तरुण डॉक्टर होती, तिने स्वेटर बघितला आणि विचारलं, काकू, टीएसएच (थायरॉइडची रक्ताची टेस्ट) शेवटची कधी केली होती? केलीच नव्हती. रिपोर्ट आला तर आकडा ४० च्या वर, शेजारी नॉर्मल म्हणून छापलेलं साधारण ०.४ ते ४. आकडा इतका वर म्हणजे थायरॉइड कमी काम करतेय. तिने समजावून सांगितलं की थायरॉइडची ग्रंथी मानेत पुढेच असते, मानेला रेडिएशन दिलं की तिलाही लागतं, आणि ती लगेच नाही, कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी हळूहळू काम कमी करते, म्हणून त्रास असो नसो दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच करायचीच. माझं तर मत आहे की हे डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे. लाडवांपेक्षा ही टेस्ट स्वस्त पडते.

गोळी सुरू झाली, पण जादूबिदू काही नाही. सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट, डोस वाढवला, परत टेस्ट. हळूहळू स्वेटर कपाटात गेला. तरी थोडा थकवा उरलाच, तो कॅन्सरचा स्वतःचा असतो म्हणे, आणि त्यावर पडून राहण्यापेक्षा रोज झेपेल तेवढं चालणं चांगलं असं डॉक्टरांनीच सांगितलं. मग सोसायटीला चकरा, मग कॅनॉलपर्यंत, आणि जूनमध्ये आक्का (माझी मोठी जाऊ, दरवर्षी माउलींच्या पालखीसोबत जाते) म्हणाली, चल की माझ्यासोबत, नाही झेपलं तर दिंडीचा ट्रक आहेच.

पुणे ते सासवड मी चाललेच नाही. तो टप्पा सगळ्यात मोठा, वर दिवे घाट, मी आपली एसटीने सासवडला जाऊन थांबले. दिंडीत एक-दोघी बोलल्या, ही बघा एसटीतली वारकरीण. म्हणू देत. पालखी सासवडला दोन मुक्काम करते, तेवढ्यात मी मंडपात झोपायची सवय करून घेतली. उशाला कपड्यांची पिशवी आणि त्यावर आक्काची शाल, कारण मानेतल्या गाठी काढल्यापासून सपाट झोपलं की सकाळी हनुवटीखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज येते, डोकं उंच ठेवलं तर कमी येते.

पहाटे तीनला आंघोळीसाठी उठवतात तेव्हाच गोळी, नुसत्या पाण्यासोबत. आणि लगेच आक्का चहा घेऊन उभी. "घे गं, गरम आहे तोवर." "आक्का, अर्धा तास थांबा." "अर्ध्या तासात दिंडी निघंल, चहा काय तुझ्यासाठी थांबतोय?" रोज हेच. शेवटी तिने माझा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायला सुरुवात केली. कॅल्शियमची गोळी रात्री जेवणानंतर, दोन्हींमध्ये चार तास तरी पाहिजेत, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागू होत नाही. आणि गोळ्यांची बाटली ट्रकमध्ये ठेवायची नाही, ताडपत्रीखाली भट्टी होते, ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. डाव्या खांद्यावर हां, उजवा हात ऑपरेशनपासून खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे टाळ पण छातीशीच वाजवायचे.

जेवणाचा प्रश्न मोठा. वाटेत लोक इतकं वाटतात, पिठलं-भाकरी, ठेचा, चिवडा, आणि मला त्यातलं निम्मं चालत नाही, कोरडं उतरत नाही आणि तिखटाने तोंड पेटतं. भाकरी ताकात कुस्करून, वरणभात, केळी, आणि हातात पाण्याची बाटली, दर दहा पावलांना घोट. "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणताना माझी जीभ नीट वळत नाही, घरी मी गाणं सोडूनच दिलं होतं, इथे दिंडीत इतक्या आवाजांत कोणाला काय कळतंय, मी खुशाल ओरडले.

जेजुरीपर्यंत १६ किलोमीटरच्या आसपास, निम्मं चालले, निम्मं ट्रकमध्ये. पाय जाम दुखले. पण वाल्ह्याला जायच्या सकाळी उठले तर दुखणं होतं आणि तो जुना जडपणा नव्हता! झोपल्यावर थकवा उतरतो, हे मी विसरूनच गेले होते. आक्काला सांगितलं तर म्हणे, त्यात काय एवढं, दमल्यावर झोपलं की माणूस उठतंच. तिला काय सांगू.

नीरेला पादुकांच्या स्नानाला इतकी गर्दी की मी लांबूनच हात जोडले. त्या दिवशी दुपारी मात्र आलीच ती लाट, बसल्या जागी बॅटरी संपली. मी ट्रकमध्ये पडून राहिले. लोणंद ते तरडगाव टप्पा लहान, तो सगळा चालले आणि चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघितलं, म्हणजे घोडा गेला आणि धुरळा दिसला. फलटणहून परत घरी, आधीच तसं ठरलं होतं.

एक गोष्ट राहिली. तरडगावला शेजारी बसलेल्या एक आजी मिश्री लावत होत्या, बोलताना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "झालं की दोन महिनं, तिखट लागतंय जरा." मी पदर बाजूला करून मानेवरचा व्रण दाखवला, म्हटलं तीन आठवड्यांत बरं न होणारं काहीही डॉक्टरला दाखवायचं, तिथे आरोग्य पथकाची गाडी उभी आहे, चला आत्ता. "पंढरीहून आल्याव बघू माय." हलल्याच नाहीत. आक्काने त्यांच्या सुनेचा नंबर घेतलाय. आषाढी झाली की फोन लावणार, आणि नाही उचलला तर त्यांचं गाव आक्काच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर आहे, ती घरीच जाणार आहे.