वर कोण आणतं?

दक्षिण फ्रान्समधल्या एझ गावाच्या एका गल्लीत मी भिंतीला चिकटून उभी होते, कारण एक माणूस पांढऱ्या चादरींची गाठोडी हातगाडीवर लादून उलटा पायऱ्या चढत होता. उलटा म्हणजे पाठ चढाकडे, तोंड गाडीकडे. गाडी जराशी कलती करायची, एक पायरी वर ओढायची, दम घ्यायचा, पुन्हा कलती करायची. गल्ली इतकी अरुंद की त्याला वाट द्यायला मला पोट आत घ्यावं लागलं. "मेर्सी," म्हणत तो सरकला. वरच्या वळणावरून मावसबहीण हाका मारत होती, "अगं ये ना लवकर, समुद्र काय दिसतोय इथून!" आणि मी त्या चादरींच्या विचारात. मळक्या की धुतलेल्या? वर चालल्यात म्हणजे धुतलेल्या. म्हणजे मळक्या आधी खाली गेल्या असणार. कालही गेल्या असतील, उद्याही जातील.

हे माझं जुनं खूळ आहे. डोंगरावरचं घर दिसलं की इतरांच्या तोंडून 'वा, काय जागा आहे!' निघतं आणि माझ्या मनात येतं, यांचा सिलिंडर वर कोण आणतं? घाटातून जाताना दूर टेंगळावर एखादं खोपट दिसलं, की गाडी चार वळणं पुढे गेली तरी मी मनातल्या मनात त्यांचं रॉकेल, मीठ, गव्हाचं पोतं वर चढवत असते. देवळांचंही तेच. लोक कळसाकडे बघून हात जोडतात, मी बघते त्या कळसाला दगड कुठल्या वाटेने गेला ते. पुण्य मिळत असेल तर थोडं त्या वाटेचंही मिळावं.

अशा बाईला एझला आणणं म्हणजे मावसबहिणीने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं संकट. नीस आणि मोनॅको यांच्या मधे, समुद्रापासून जवळजवळ ४३० मीटर उंच सुळक्यावर हे गाव बसलंय. इथे किनाऱ्याला धरून एकावर एक असे तीन रस्ते आहेत, तिन्हींचं नाव कॉर्निशच, म्हणजे कड्याच्या अंगाने जाणारा रस्ता. खालचा समुद्राला लागून, वरचा नेपोलियनने बांधून घेतलेला, आणि मधल्यावरून नीसहून बस येते. ती गावाच्या पायथ्याशी सोडते आणि तिथे चाकांचं राज्य संपतं. पुढे चौदाव्या शतकातला दुहेरी दरवाजा, पोतर्न. तो ओलांडला की आत नुसते दगड: दगडी पायऱ्या, दगडी कमानी, एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिलेली दगडी घरं, आणि जिथे म्हणून जराशी फट सापडली तिथे बोगनवेल. सारं इतकं नीटनेटकं, इतकं घासूनपुसून ठेवलेलं, की मध्ययुगात इथे कोंबड्या, शेण आणि चुलीचा धूर होता हे कुणी शपथेवर सांगितलं तरी पटू नये. आता तळघरांत चित्रांची दुकानं आहेत, गोठ्यांत साबण आणि ऑलिव्हच्या लाकडाच्या वाट्या. जिथे बकरी बांधत असतील तिथे उंची हॉटेल. हॉटेलच्या गच्चीवर बर्फाच्या बादलीत बाटल्या. तो बर्फ... जाऊ दे.

हॉटेलांचा विषय निघालाच आहे तर, इथलं एक 'शातो एझा'. स्वीडनचा राजपुत्र विल्हेल्म १९२३ पासून पुढे तीस वर्षं तिथे येऊन राहायचा. राजपुत्राचं सामान किती असेल? ट्रंका, टोप्यांचे डबे, चांदीची भांडी. दुसरं 'शेव्र दोर', म्हणजे सोन्याची बकरी. झ्लात्को बालोकोविच नावाचा व्हायोलिनवादक म्हणे एका बकरीमागोमाग इथे चढून आला आणि गावाच्या प्रेमात पडून घर घेऊन बसला. बकरीचं मी धरून बसत नाही, गावोगावी अशी एखादी बकरी नाहीतर गाय असतेच. पण तो व्हायोलिन वाजवायचा हे मात्र मला एकदम पटलं. पियानोवाला असता तर पोतर्नपाशीच परत फिरला असता.

माझं हे खूळ आलं कुठून, ते मला ठाऊक आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. घरात आजीचा कायदा होता: जिना रिकाम्या हाताने चढायचा नाही आणि रिकाम्या हाताने उतरायचाही नाही. शाळेतून येताना दप्तर असायचं, पण दप्तर 'हातात' धरलं जात नसे, ते पाठीवर. हात मोकळे दिसले की खालून काहीतरी उचलून आणायचं. गिरणीतला पिठाचा डबा तर असाच नशिबी यायचा. ताज्या दळणाचा डबा पोटाशी धरला की परकर पेटल्यासारखा वाटायचा, आणि तीन मजले चढून डबा खाली टेकवावा तर झाकणाच्या कडेने पीठ सांडायचं. मग ते फुंकून पायरीच्या कोपऱ्यात सारायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी त्या पिठामुळे कायम मुंग्या असायच्या आणि त्या मुंग्या कुठून येतात याचा काकूंना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

आजी स्वतः फारशी उतरत नसे. तिची टोपली उतरायची. संध्याकाळी भाजीवाली खाली आली की आजी गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून उभी राहायची आणि काथ्याच्या दोरीने वेताची टोपली सोडायची. चार मजल्यांची घासाघीस मोठ्याने करावी लागते, त्यामुळे आमच्याकडे आज मेथी की चुका हे सगळ्या इमारतीला कळायचं. पैसे टोपलीत, पैशांवर दगड. मग टोपली वर यायला लागायची. आजी ओढता ओढता मधेच थांबायची, दोरी नुसती हातात तोलायची आणि खाली ओरडायची, "एवढीच होय गं? ही काय जुडी झाली?" भाजी अजून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी लोंबत असायची, आजीने डोळ्यांनी पाहिलेलीही नसायची. भाजीवाली हसायची, शिव्या घालायची, आणि टोपली परत खाली मागवून वर चार काड्या कोथिंबीर टाकायची. हे रोजचं होतं. पुढे पुढे मला वाटायला लागलं की ती मुद्दामच आधी कमी घालते आणि आजीही मुद्दामच थांबते. दोघींना मिळून तेवढीच करमणूक.

तर एझ. मावसबहिणीने शेवटी मला दंडाला धरून वरच्या बागेत नेलं. सुळक्याच्या टोकाला पूर्वी किल्ला होता. १७०६ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या हुकुमाने तो पाडला. (पाडायलाही माणसं वर चढवावीच लागली असणार, पहारी, सुरुंगाची दारू, जे काही लागलं असेल ते सगळं घेऊन. राजा काय, कागदावर सही करतो.) त्या पडक्या दगडांत १९४९ मध्ये बाग केली. माती आणि रोपं गड्यांनी पाठीवरून वर नेली. डोंगरावर माती वाहून नेणारी माणसं! मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि तिकीट काढून आत गेले.

आत काय, तर घायपात आणि निवडुंग. वर्तुळाकार निवडुंग, खांबासारखे निवडुंग, पांढऱ्या लवेचे म्हातारे निवडुंग, आणि आपला फड्या निवडुंग, नावाची पाटी लावून. लहानपणी हा कुंपणाला असायचा, त्यात चेंडू गेला की चेंडूचा नाद सोडायचा. आता मी परदेशी चलनात तिकीट काढून त्याच्यासमोर उभी. मुळात तो ना आपला ना त्यांचा, दोघांकडेही अमेरिकेतून आलेला. पण मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं आणि बाजूने जाणाऱ्या एका जर्मन जोडप्याला तो दाखवून मी "ओल्ड फ्रेंड" असंही म्हणून टाकलं. ते घाईघाईने पुढे गेले.

समुद्रही पाहिला, नाही असं नाही. निवडुंगांच्या पलीकडे डोंगर एकदम संपतो आणि खाली थेट निळं पाणी, त्यात काप फेरा या भूशिराचा हिरवा लांबट तुकडा, पाण्यावर टाचणीएवढ्या पांढऱ्या होड्या. खरंच सुंदर आहे. पण तिथे उभं राहून मला वाटलं, ज्यांनी ही घरं बांधली त्यांना हा देखावा अजिबात नको असणार. हौस म्हणून कुणी सुळक्यावर राहायला जात नाही. खाली समुद्राकाठी चाचे यायचे, माणसं पळवून नेऊन विकायचे, म्हणून लोक वर येऊन दाटीवाटीने बसले. बाहेरच्या घरांच्या भिंती म्हणजेच गावाचा तट. समुद्राकडे बघायचं ते शीड दिसतंय का यासाठी. १५४३ मध्ये दिसलं. फ्रान्सच्या राजाने तुर्कांशी हातमिळवणी केलेली, त्यांच्या बार्बारोसा या सेनापतीचं आरमार नीसवर चालून आलेलं, आणि एवढ्या उंचीवर बसूनही एझ त्यांच्या हाती पडलंच. त्यानंतरही लोक इथेच राहिले. १८६० मध्ये फ्रान्समध्ये सामील व्हायचं की नाही यावर मतं घेतली तेव्हा गावाने एकमताने हो म्हटलं. एका गावाचं एकमत! मला त्या मतदानापेक्षा तेवढी शतकं रोज पाण्याची घागर घेऊन चढणाऱ्या बायांचं मत काय होतं ते ऐकायला आवडलं असतं. देखाव्याबद्दल. घागर डोक्यावर असली की मान वळत नाही.

"तुला ना, कुठे नेऊन उपयोग नाही," मावसबहीण म्हणाली. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

उतरताना चालत उतरू, ही कल्पना तिची. गावातून खाली रेल्वे स्टेशनापर्यंत एक पायवाट जाते, तिला नीत्शेचं नाव आहे. डोकेदुखी आणि अधू डोळे घेऊन हा तत्त्वज्ञ १८८३ च्या हिवाळ्यात नीसला राहायला आला आणि त्याच्या जरथुष्ट्रावरच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागातलं एक महत्त्वाचं प्रकरण स्टेशनावरून एझला चढताना त्याला सुचलं. असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्या दिवसांत तो डोंगरात सात-आठ तास न थकता चालायचा, झोप छान लागायची, खूप हसायचा, असंही लिहिलंय. नीत्शे खूप हसायचा हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आजीच्या कायद्यात मात्र तो बसला नसता. वर येताना फार तर एखादी वही आणि पेन्सिल. अर्थात विचार घेऊन आला हे आजीने ओझ्यात धरलं असतं का, सांगता येत नाही. बहुतेक म्हणाली असती, "ते राहू दे, हात मोकळे आहेत ना?"

वाट सुरुवातीला झाडांतून जाते, मग उघड्या, तापलेल्या खडकांतून. धडधाकट माणसाला तासाभराची उतरण. मला कुठलंही प्रकरण सुचलं नाही. माझं सगळं लक्ष गुडघ्यांत. चढताना माणूस निदान वर बघतो, उतरताना फक्त पुढची पायरी, आणि तीही आपल्याला ठेवून घेईल की नाही अशा शंकेने. खालून एक तरुण जोडपं तान्ह्या पोराला पाठीवरच्या झोळीत घालून चढत येत होतं. पोर झोपलेलं. बाप घामाने निथळत होता आणि तरी आम्हाला बघून हसला. त्याला वाट द्यायला मी खडकाला टेकले आणि तिथेच बसले जराशी.

आजी शेवटची उतरली ती खुर्चीत बसून. रात्री छातीत दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले दवाखान्यात न्या. स्ट्रेचर जिन्याच्या वळणात फिरेना, म्हणून जेवणाच्या टेबलाची हाताची खुर्ची काढली, तिला साडीने खुर्चीला बांधलं आणि बाबा, काका आणि शेजारच्या दोघांनी चार पाय धरले. मी पुढे टॉर्च घेऊन. दारातून बाहेर पडताना आजीने थांबवलं. सगळे घाबरले, काय होतंय विचारायला लागले. तिने दाराआड बांधून ठेवलेल्या रद्दीच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "जाताच आहात खाली, तर ते घ्या." बाबा चिडले. चौघांचेही हात गुंतलेले, माझ्या हातात टॉर्च. मग तिने तो गठ्ठा स्वतःच्या मांडीवर मागून घेतला आणि चारही मजले धरून बसली.