खुर्ची गोरेगावात की बर्लिनमध्ये?

परदेशी कंपनीचं संशोधन घरबसल्या करायचं, हे ऐकायला गोड. आधी करारातला एकच शब्द बघा: कर्मचारी की कंत्राटदार? भारतात शाखा नसलेली कंपनी बहुधा कंत्राटदारच करते. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आगाऊ कर तुम्हीच भरायचा. वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आली. सेवा निर्यातीवर कर शून्य, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरावा लागतो. तो विसरलात की आधी 18 टक्के भरा, मग परताव्यामागे धावा.

जाणार असाल तर तारीख सांभाळा. नोकरीसाठी देश सोडताना त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस 182 पेक्षा कमी हवेत. 1 एप्रिलपासून इथेच असाल, तर निघायचा दिवस धरून 28 सप्टेंबर ही शेवटची तारीख. ऑक्टोबरात गेलात की तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो.

वेळेचं म्हणाल, तर बर्लिनची दुपारी चारची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. जेवण जरा उशिरा, एवढंच. कॅलिफोर्नियाची सकाळी नऊची मात्र रात्री साडेनऊला किंवा साडेदहाला. वर्षभर झेपत नाही. आणि काम प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच असेल, तर प्रश्नच मिटला, बॅग भरा.